इंटरनॅशनल ब्रेन लॅबोरेटरीचा खुला डेटा : दोन वर्षांच्या वापरानंतरचा अभिप्राय

पदव्युत्तर वर्गाला चेताविज्ञान शिकवताना गेली दोन वर्षे मी इंटरनॅशनल ब्रेन लॅबोरेटरी या आंतरराष्ट्रीय गटाचा खुला डेटा आणि तो उतरवून घेण्यासाठी याच गटाने तयार केलेली संगणकीय साधने नियमितपणे वापरत आहे. मेंदूचे निरनिराळे भाग एकमेकांशी संवाद कसा साधतात, या प्रश्नावर काम करू पाहणारे विद्यार्थी आणि इतर महाविद्यालयांतील सहकारी या सेवेबद्दल मला वारंवार विचारतात, म्हणून तिचे गुण आणि मर्यादा एकदा नीट लिहून काढाव्यात असे वाटले. ही सेवा पूर्णपणे विनामूल्य आहे. तरीही तिचे परीक्षण काटेकोरपणे व्हायला हवे, कारण एखादा विद्यार्थी जेव्हा प्रबंधासाठी असा डेटा निवडतो तेव्हा त्याचे अख्खे वर्ष त्यावर पणाला लागलेले असते.

हा गट 2017 साली जाहीर झाला. त्यात अमेरिका आणि युरोपातील 21 प्रयोगशाळा होत्या, काही प्रत्यक्ष प्रयोग करणाऱ्या आणि काही केवळ गणिती सिद्धांतावर काम करणाऱ्या, आणि त्यांना वेलकम ट्रस्ट व सायमन्स फाउंडेशन यांनी अर्थसाहाय्य दिले. जिनिव्हाचे अलेक्झांडर पूजे, लिस्बनचे झॅकरी मेनन, लंडनचे मातेओ कारांदिनी आणि केनेथ हॅरिस, अमेरिकेतील ॲन चर्चलँड अशी या क्षेत्रातील जाणती मंडळी त्यात आहेत. एकत्र येण्यामागचे कारण अगदी व्यावहारिक होते. तोवर प्रत्येक प्रयोगशाळा आपापल्या उंदरांना आपापले वेगळे काम शिकवत असे, आपल्या आवडीच्या एखाददुसऱ्या मेंदूभागातून नोंदी घेत असे आणि आपल्या पद्धतीने त्यांचा अर्थ लावत असे. त्यामुळे एका ठिकाणी दृष्टीच्या भागाबद्दल निघालेला निष्कर्ष दुसऱ्या ठिकाणी मध्यमस्तिष्काबद्दल निघालेल्या निष्कर्षाशी जोडायचा कसा, याला उत्तर नव्हते. 2019 साली लंडनच्या एका गटाने 10 उंदरांच्या 42 मेंदूभागांतील सुमारे 30,000 चेतापेशींच्या नोंदी प्रसिद्ध केल्या आणि निर्णयाशी संबंधित चेतापेशींची सक्रियता मेंदूभर विखुरलेली असते हे दाखवले. मात्र उरलेल्या सगळ्या भागांपर्यंत पोहोचणे हे एका प्रयोगशाळेच्या आवाक्यातले काम नव्हते.

सर्व प्रयोगशाळांनी मिळून निवडलेला प्रयोग साधा आहे, आणि माझ्या मते या साधेपणातच त्याचे बळ आहे. उंदराचे डोके स्थिर धरलेले असते आणि पुढच्या पंजांखाली एक छोटे चाक असते. उंदराने काही क्षण चाक न हलवता धरले की समोरच्या पडद्यावर डावीकडे किंवा उजवीकडे काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा, कडांना विरत जाणारा एक ठिपका उमटतो आणि त्याच वेळी एक बारीक स्वर वाजतो. चाक फिरवून तो ठिपका मध्यभागी आणला तर पाण्याचा थेंब मिळतो, उलट बाजूला ढकलला तर खरखरीचा आवाज होतो आणि थोडा वेळ थांबावे लागते. ठिपका कधी ठळक असतो, कधी पुसट, तर कधी त्याचा कॉन्ट्रास्ट शून्य असतो, म्हणजे पडद्यावर पाहण्यासारखे काहीच नसते. अशा वेळी उंदराने काय करावे? पहिल्या 90 फेऱ्यांनंतर प्रयोगात एक छुपा नियम सुरू होतो : एका टप्प्यात ठिपका 80 टक्के वेळा डावीकडे येतो, पुढच्या टप्प्यात 80 टक्के वेळा उजवीकडे, आणि हे टप्पे 20 ते 100 फेऱ्यांचे असून ते कधी बदलतील याची कोणतीही सूचना दिली जात नाही. उंदीर हा कल ओळखतो. काहीच दिसत नसताना तो अलीकडच्या अनुभवावरून अंदाज बांधून चाक फिरवतो, आणि हा पूर्वअंदाज मेंदूत कोठे साठवलेला असतो हे शोधण्याची वाट त्यामुळे मोकळी होते.

वर्गात मी सर्वप्रथम या शून्य कॉन्ट्रास्टच्या फेऱ्याच दाखवते. एका सत्रातील फक्त या फेऱ्या निवडायच्या, डाव्या टप्प्यातील आणि उजव्या टप्प्यातील वेगळ्या करायच्या आणि उंदराने चाक कोणत्या बाजूला फिरवले ते मोजायचे, एवढे काम दहा-पंधरा ओळींच्या प्रोग्रॅममध्ये होते. पडद्यावर दोन स्तंभ एकमेकांपासून दूर उभे राहिलेले दिसले की, ज्याला काहीच दाखवलेले नाही अशा प्राण्याच्या मनातला अंदाज आपण मोजला आहे, ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या लक्षात येते. पाठ्यपुस्तकातील कोणत्याही आकृतीने इतके साधत नाही, असा माझा अनुभव आहे.

आता सेवेच्या दर्जाविषयी. या गटाने पहिले मोठे काम केले ते वर्तन सर्वत्र सारखे येते का हे तपासण्याचे. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधात तीन देशांतील सात प्रयोगशाळांमधील 140 उंदरांनी घेतलेल्या सुमारे 50 लाख निर्णयांची नोंद आहे. उंदीर शिकायला किती दिवस घेतात यात प्रयोगशाळांगणिक फरक आढळला, पण एकदा शिकल्यानंतर ते निर्णय कसे घेतात यात जवळजवळ फरक उरला नाही. त्यानंतर त्यांनी याहून अवघड गोष्ट हाती घेतली : निरनिराळ्या प्रयोगशाळांनी मेंदूतील एकाच ठरलेल्या जागी प्रोब, म्हणजे चेतापेशींचे विद्युत संकेत टिपणारी बारीक पट्टी, उतरवून घेतलेल्या नोंदी एकमेकींशी जुळतात का? हा प्रोब एकाच वेळी दृष्टीशी निगडित कॉर्टेक्स (मेंदूचे बाहेरचे आवरण), त्याखालचा हिप्पोकॅम्पस आणि त्याखालचा थॅलॅमस अशा भागांतून जातो. येथे मात्र सगळे सुरळीत नव्हते. प्रोब ठरवलेल्या जागेपासून सरकतात, काही नोंदींमध्ये गोंगाट अधिक असतो, आणि गुणवत्तेचे कडक निकष आधीच ठरवून लावले नाहीत तर प्रयोगशाळांमधील फरक वाढतात, हे त्यांनी स्वतःच मोजून छापले. आपल्या पद्धतीतील उणीव इतक्या तपशिलाने समोर ठेवणाऱ्या गटाचा डेटा वापरताना मला अधिक विश्वास वाटतो.

या विश्वासाला एक पार्श्वभूमी आहे. काही वर्षांपूर्वी एका शोधनिबंधातील निष्कर्ष विद्यार्थ्यांकडून तपासून घ्यावा म्हणून मी त्याच्या लेखकांकडे मूळ नोंदी मागितल्या होत्या. निबंधाच्या शेवटी ‘मागणी केल्यास डेटा उपलब्ध होईल’ असे स्पष्ट छापलेले होते. पहिल्या पत्राला उत्तर आले नाही, दुसऱ्याला ‘फाइल शोधून कळवतो’ असे आले, आणि त्यानंतर विद्यार्थ्याचे वर्ष संपले. इंटरनॅशनल ब्रेन लॅबोरेटरीने मेंदूभरच्या नोंदींचा मुख्य संच 2022 च्या अखेरीस सर्वांसाठी खुला केला, आणि त्यावरचा त्यांचा स्वतःचा मुख्य शोधनिबंध ‘नेचर’मध्ये आला तो सप्टेंबर 2025 मध्ये. म्हणजे आपला निबंध छापून येण्याच्या जवळजवळ तीन वर्षे आधी त्यांनी जगातील कोणालाही त्याच नोंदींवर काम करू दिले. वैज्ञानिकांच्या स्पर्धेत हे किती दुर्मीळ आहे, ते या क्षेत्रात वावरणाऱ्यांना सांगायला नको.

प्रत्यक्ष वापर सोपा आहे, पण पहिला आठवडा धीर धरावा लागतो. पायथॉन भाषा येणे आवश्यक आहे. ‘वन’ नावाचे त्यांचे साधन संगणकावर घेतले, सार्वजनिक सर्व्हरचा पत्ता दिला आणि सर्वांसाठी जाहीर केलेला ‘इंटरनॅशनल’ हाच पासवर्ड टाकला की सत्रांची यादी समोर येते. खाते उघडणे, संस्थेच्या प्रमुखाची सही, करारपत्र असे काहीही लागत नाही. मेंदूभागाच्या नावावरून सत्रे शोधता येतात, आणि एका सत्रातील फेऱ्या, चाकाची गती, कॅमेऱ्यांतून टिपलेल्या पंजांच्या हालचाली आणि प्रत्येक चेतापेशीच्या स्पाइकच्या, म्हणजे तिच्या क्षणिक विद्युत ठोक्यांच्या, वेळा एकाच घड्याळावर जुळवलेल्या मिळतात. हे शेवटचे वाक्य वाचताना किरकोळ वाटेल, परंतु ज्यांनी कॅमेरा, चाक आणि इलेक्ट्रोड यांची तीन वेगवेगळी घड्याळे हाताने जुळवण्यात रात्री घालवल्या आहेत, त्यांना त्याचे मोल कळेल. ज्यांना प्रोग्रॅम लिहायचा नाही त्यांच्यासाठी एक संकेतस्थळही आहे. त्यावर मेंदूच्या नकाशातील प्रोब निवडून नोंदी नुसत्या पाहता येतात, आणि पदवीच्या वर्गाला तेवढे पुरेसे होते.

आकाराचा अंदाज मात्र आधी घ्यावा. प्रोब म्हणजे न्यूरोपिक्सेल्स : साधारण केसाच्या जाडीची, 10 मिलिमीटर लांबीची सिलिकॉनची पट्टी, जिच्यावर 960 नोंदबिंदू असून त्यांतील 384 एकाच वेळी वापरता येतात. दर बिंदूमागे सेकंदाला 30,000 मापे आणि दर मापाला दोन बाइट असा हिशेब केला, तर एका प्रोबची मूळ नोंद तासाला 80 जीबीच्या पुढे जाते. ती संकुचित करून ठेवलेली असली तरी आमच्या महाविद्यालयाच्या इंटरनेटवर असे पूर्ण सत्र उतरवणे शक्य नाही, आणि त्याची गरजही पडत नाही. वेगळ्या केलेल्या स्पाइकच्या फाइली त्या मानाने फारच लहान आहेत, आणि मूळ नोंदीतील हवा तेवढा एखाद्या सेकंदाचा तुकडा स्वतंत्रपणे मागवण्याची सोय साधनातच आहे. आम्ही असाच एक सेकंद मागवून त्यात डोळ्यांना दिसणारे स्पाइक आणि संगणकाने ओळखलेले स्पाइक कागदावर एकाखाली एक लावून पाहिले, आणि तो तास विद्यार्थी विसरलेले नाहीत.

ज्या एका गोष्टीकडे नवखा माणूस हमखास दुर्लक्ष करतो, ती म्हणजे गुणांकन. 139 उंदीर, 12 प्रयोगशाळा, 699 वेळा उतरवलेले प्रोब, 279 मेंदूभाग आणि 6,21,733 चेतापेशी, हे मुख्य संचाचे आकडे सर्वत्र छापून आले. पण स्पाइक वेगळे करणारा प्रोग्रॅम ज्याला एक चेतापेशी म्हणतो, ती पुष्कळदा शेजारच्या दोन-तीन पेशींची सरमिसळ असते. म्हणून एका पेशीचे मानलेल्या प्रत्येक स्पाइक-गटाला तीन कसोट्या लावल्या आहेत : दोन स्पाइकमधील किमान विश्रांतीचा काळ पाळला जातो का, बारीक स्पाइक गोंगाटात हरवून गेले आहेत का, आणि स्पाइकची उंची पुरेशी आहे का. तिन्ही कसोट्यांवर उतरणाऱ्या पेशी 75,708 आहेत, म्हणजे साधारण आठांत एक. हे गुण फाइलमध्येच लिहिलेले असतात, परंतु ते वापरायचे की नाही हे वापरणाऱ्यावर सोडलेले आहे. माझ्या एका विद्यार्थिनीने सुरुवातीला सर्वच स्पाइक-गट घेतले आणि दोन शेजारच्या ‘पेशीं’मध्ये तिला कमालीचा घट्ट संबंध सापडला. प्रत्यक्षात ती एकाच पेशीची दोन नावे होती. साधनाने फाइल उघडतानाच याविषयी ठळक इशारा द्यायला हवा, ही माझी पहिली तक्रार आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळते : मेंदूच्या भागांमधील संवाद समजण्यासाठी हा डेटा कितपत उपयोगी आहे? नकाशा म्हणून तो अतुलनीय आहे, हे निःशंकपणे म्हणता येईल. ठिपका उमटल्यावर चेतापेशींची सक्रियता आधी दृष्टीच्या नेहमीच्या भागांत दिसते. निर्णयाशी संबंधित सक्रियता मात्र एखाद्या केंद्रात न सापडता कॉर्टेक्सपासून मध्यमस्तिष्क आणि पश्चमस्तिष्कापर्यंत अनेक ठिकाणी चढत जाताना दिसते, आणि चाक फिरवण्याची क्रिया व पाण्याच्या थेंबाची चाहूल तर जवळपास सर्व मेंदूभर उमटते. पूर्वअंदाजाविषयीचा त्यांचा सोबतचा शोधनिबंध मला त्याहूनही महत्त्वाचा वाटतो. छुप्या टप्प्याची खूण तपासलेल्या भागांपैकी साधारण 20 ते 30 टक्के भागांत मिळाली, आणि त्यांत डोळ्यांकडून आलेली माहिती पुढे पाठवणारा थॅलॅमसमधील अगदी प्राथमिक टप्पाही होता. आधी इंद्रियांनी पाहायचे, मग वरच्या केंद्रांनी विचार करायचा आणि शेवटी स्नायूंना आज्ञा जायची, ही आपण वर्षानुवर्षे फळ्यावर काढत आलो ती एकमार्गी आकृती यापुढे तशीच शिकवणे मला योग्य वाटत नाही.

परंतु नकाशा आणि संवाद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका सत्रात एका उंदराच्या मेंदूत एक किंवा दोनच प्रोब असतात. 279 भागांचे जे एकत्रित चित्र दिसते, ते 139 उंदरांच्या वेगवेगळ्या दिवशीच्या नोंदी एकमेकींशेजारी लावून तयार झालेले आहे. दृष्टीचा भाग आधी आणि मध्यमस्तिष्क नंतर जागे होते, हे अशा सरासरीवरून सांगता येते. पण या विशिष्ट फेरीत पहिल्याने दुसऱ्याला काही कळवले का, हे सांगायचे तर दोन्ही भाग त्याच क्षणी, त्याच मेंदूत नोंदवलेले असावे लागतात, आणि ते फक्त एकाच सत्रात प्रोबच्या मार्गावर आलेल्या भागांपुरतेच शक्य आहे. ज्याचा प्रबंध संवादावरच आहे त्याने सत्रांची यादी चाळताना आपल्याला हव्या त्या भागांची जोडी किती सत्रांत एकत्र आली आहे हे पहिल्याच दिवशी मोजावे. आमच्या बाबतीत ही मोजणी दोन महिन्यांनंतर झाली आणि विषय बदलावा लागला. यात दोष सेवेचा नव्हता, पण ‘संपूर्ण मेंदूचा नकाशा’ या शब्दांनी आमची समजूत चुकीची झाली होती हे खरे आहे. तुलनाच करायची तर सिॲटलच्या ॲलन इन्स्टिट्यूटच्या दृष्टीविषयक न्यूरोपिक्सेल्स संचात एकाच उंदरात एकाच वेळी सहापर्यंत प्रोब असतात, त्यामुळे दृष्टीच्या साखळीतील भागांचा परस्परसंबंध तपासायला तो अधिक सोयीचा पडतो. तेथे मात्र उंदीर नुसती चित्रे पाहत असतो, त्याला निर्णय घ्यावा लागत नाही.

दुसरा धोका याहून फसवा आहे, आणि तो टाळण्याची तरतूद या प्रयोगाच्या रचनेतच केलेली आहे, म्हणून त्यावर थोडे थांबते. तासाभराच्या सत्रात उंदराची तहान कमी होते, तो थकतो, प्रोब किंचित सरकतो. या सर्वांमुळे चेतापेशींच्या स्पाइकची गती हळूहळू वर किंवा खाली जाते. टप्पेही हळूहळूच बदलतात. सावकाश बदलणाऱ्या कोणत्याही दोन गोष्टी शेजारी ठेवल्या तर त्यांच्यात संबंध दिसतोच, मग त्यांचा एकमेकींशी काही संबंध असो वा नसो. या गटाने टप्पे एका ठरावीक संभाव्यतेच्या नियमाने पाडले असल्यामुळे त्याच नियमाने हजार खोटी सत्रे संगणकावर तयार करता येतात, आणि प्रत्यक्ष चेतापेशींवरून या खोट्या टप्प्यांचा अंदाज किती चांगला लागतो ते पाहता येते. खऱ्या टप्प्यांचा अंदाज त्याहून स्पष्टपणे चांगला लागला तरच निष्कर्ष मान्य करायचा. आमच्या विद्यार्थ्यांनी ही तपासणी करण्यापूर्वी अकरा भागांत पूर्वअंदाज ‘सापडला’ होता, आणि तपासणीनंतर तीनच उरले. मला हे तीन भाग त्या अकरांपेक्षा अधिक मोलाचे वाटतात, आणि ही एक सवय लागली तरी हा डेटा वर्गात आणण्याचे श्रम वसूल होतात.

काही लहान गोष्टी राहिल्या. मार्गदर्शक पाने नीट लिहिलेली आहेत आणि उदाहरणे चालतात, पण साधनांच्या आवृत्त्या बदलल्या की जुन्या उदाहरणातील एखादी ओळ अडते, म्हणून शैक्षणिक सत्राच्या सुरुवातीला सर्व विद्यार्थ्यांच्या संगणकांवर एकच आवृत्ती ठेवावी. काम एकाच प्रकारचे आहे, तेही उंदरांचे आणि दृष्टीवर आधारलेले, त्यामुळे वास, आवाज किंवा स्मरणशक्ती यांविषयीचे प्रश्न येथे सुटणार नाहीत. नोंदी मुख्यतः डाव्या पुढच्या मेंदूतून आणि उजव्या पश्चमस्तिष्क व अनुमस्तिष्कातून आहेत, त्यामुळे डाव्या आणि उजव्या भागांमधील देवाणघेवाण पाहण्यास वाव कमी आहे. आणि नुसत्या नोंदींवरून कोणता भाग निर्णयासाठी अपरिहार्य आहे हे ठरत नाही, त्यासाठी तो भाग काही काळ बंद करून पाहावा लागतो. हे गटानेही कोठे लपवलेले नाही.

ज्या महाविद्यालयांना प्राण्यांवरील प्रयोगांची परवानगी, यंत्रसामग्री आणि शल्यक्रियेचे प्रशिक्षण यांपैकी काहीच मिळणे शक्य नाही, पण गणिताची आवड असलेले विद्यार्थी आहेत, त्यांनी हा डेटा अवश्य घ्यावा असे मी सांगेन. पदवीच्या वर्गाने वर्तनाच्या फाइलींपासून सुरुवात करावी, पदव्युत्तर वर्गाने एकाच सत्रातील दोन प्रोबपासून. या वर्षी आमच्याकडे तीन विद्यार्थी हिप्पोकॅम्पस आणि थॅलॅमस एकाच प्रोबवर आलेली सत्रे घेऊन बसले आहेत. तिन्ही कसोट्यांवर उतरलेल्या पेशीच निवडायच्या, खोट्या सत्रांची तपासणी आधी लिहायची आणि खरी उत्तरे त्यानंतरच उघडायची, असे त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे, आणि मागच्या आठवड्यापर्यंत त्यांनी खरी उत्तरे उघडलेली नाहीत.